पैसे उभारण्याआधी विक्रीचा हिशेब मांडा: टेक स्टार्टअपच्या नव्या संस्थापकांसाठी

"आमचं व्हॅल्युएशन चाळीस कोटी झालं," असं कुणी आनंदाने सांगितलं की मी एकच प्रश्न विचारतो. उद्या कोणी वीस कोटींना कंपनी घ्यायला आलं, तर तुमच्या हातात किती पडतील? बहुतेक संस्थापक आपल्या हिश्शाच्या टक्क्यांनी वीसला गुणतात आणि उत्तर देतात. ते उत्तर बहुतेक वेळा चुकतं, आणि खऱ्यापेक्षा जास्तच येतं. निधी, मूल्यांकन (व्हॅल्युएशन) आणि एक्झिट (कंपनी विकून किंवा बाजारात आणून बाहेर पडणं) हे तीन वेगळे विषय आहेत असं समजून आपण ते एकामागून एक शिकतो, म्हणून ही चूक होते. खरं तर एक्झिटच्या दिवशी कुणाला किती मिळणार हे पैसे घेतानाच ठरलेलं असतं.

पुढच्या उदाहरणांत एकच काल्पनिक कंपनी वापरली आहे. आकडे कोटींत आहेत, चलन कोणतंही धरा. हाताशी कागद ठेवा आणि आकडे स्वतः मांडून बघा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पहिली पायरी: पैसा कोणाचा, आणि तो परत कधी मागणार

व्हेंचर कॅपिटल फंडाकडचा बहुतेक पैसा दुसऱ्यांचा असतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, विमा कंपन्या, श्रीमंत कुटुंबं यांच्याकडून गोळा केलेली रक्कम तो साधारण दहा वर्षांच्या मुदतीने सांभाळतो. पहिली काही वर्षं गुंतवायची आणि मुदत संपण्याआधी वाढवून परत करायची, असा त्याचा क्रम. म्हणून फंडाचा पैसा घेतला की तुमच्या कंपनीलाही एक घड्याळ लागतं. फंड सुरू होऊन सात वर्षं झाल्यावर तुम्ही त्यांचे पैसे घेतलेत, तर तुमच्यासाठी त्यांच्याकडे फारसा वेळ उरलेला नसतो. पहिल्याच भेटीत फंडाचं वय विचारा. या प्रश्नात उद्धटपणा काहीच नाही.

फंडाचा आकारही विचारा. समजा फंड हजार कोटींचा आहे. तुमची कंपनी पन्नास कोटींना विकली आणि त्यात त्यांचा पाचवा हिस्सा असला, तर त्यांना दहा कोटी मिळतील. तुमच्या घराचं चित्र पालटेल, पण त्यांच्यासाठी ती फंडाच्या एक टक्का एवढीच रक्कम. या धंद्यात दहातल्या बऱ्याच गुंतवणुकी बुडतात आणि एखाददुसरीच सगळ्यांचा खर्च भरून काढते. त्यामुळे असा फंड तुम्हाला पन्नास कोटींची विक्री नाकारून आणखी मोठं व्हायचा प्रयत्न करा असं सांगेल, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असेल. तुम्हाला पन्नास कोटींत समाधान असेल तर लहान फंड, एंजल गुंतवणूकदार (स्वतःचेच पैसे घालणारी माणसं), किंवा ग्राहकांच्या पैशावरच वाढणं जास्त शहाणपणाचं. ईमेल मार्केटिंगची सेवा देणारी मेलचिंप २००१ मध्ये सुरू झाली, बाहेरचं भांडवल न घेता वाढली आणि २०२१ मध्ये इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीने ती सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. त्या विक्रीत संस्थापकांच्या आधी पैसे घ्यायला व्हेंचर फंडांची रांग उभी नव्हती.

दुसरी पायरी: आधी स्वतःचं घर आवरा

गुंतवणूकदाराला भेटण्याआधी तीन कागद तयार हवेत: संस्थापकांमधला करार, कोडची मालकी कंपनीकडे देणारे करार आणि कॅप टेबल. कॅप टेबल म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत याची यादी.

संस्थापकांच्या करारात व्हेस्टिंग, म्हणजे काम करत राहिल्यावर शेअर हळूहळू पक्के होत जाणं, असलंच पाहिजे. रूढ पद्धत चार वर्षांची, त्यात पहिल्या वर्षाचा क्लिफ. वर्षाच्या आत सोडून गेलं तर काहीच मिळत नाही, वर्ष पूर्ण झालं की चौथा भाग पक्का होतो आणि पुढे दर महिन्याला थोडा थोडा. माझ्या पाहण्यातल्या एका कंपनीत तिघांनी सारखे हिस्से घेतले, व्हेस्टिंग ठेवलं नाही, आणि सातव्या महिन्यात एक जण नोकरीला गेला. भांडण झालं नव्हतं, मैत्रीही टिकली. दोन वर्षांनी गुंतवणूकदाराने कॅप टेबल उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे एक तृतीयांश कोणाचे?" जो माणूस दोन वर्षं कंपनीत नव्हता, त्याच्याकडून शेअर परत मिळवायला चार महिने गेले. तोवर तो गुंतवणूकदार दुसरीकडे गेला होता.

कोडच्या मालकीचंही तसंच. सुरुवातीला एखाद्या फ्रीलान्सरकडून ॲपचा भाग लिहून घेतलेला असतो, पैसेही दिलेले असतात, पण पैसे दिले म्हणून हक्क आपोआप कंपनीचा होतोच असं नाही. ते लेखी घ्या, आणि आत्ताच घ्या. कंपनी विकायच्या वेळी हा कागद नसला की सौद्याचं घोडं इथेच अडतं. त्या फ्रीलान्सरला तेव्हा आपल्या सहीची किंमत नेमकी कळलेली असते.

तिसरी पायरी: किती उभारायचे आणि कोणत्या कागदावर

रक्कम व्हॅल्युएशनवरून ठरवू नका, कामावरून ठरवा. पुढची गुंतवणूक मिळण्यासाठी काय दाखवावं लागेल ते लिहा: इतके पैसे देणारे ग्राहक, इतकं आवर्ती (दर महिन्याला किंवा वर्षाला परत परत येणारं) उत्पन्न, अमुक उत्पादन बाजारात. तिथे पोहोचायला किती महिने आणि दर महिन्याला किती खर्च याचा गुणाकार करा. साधारण अठरा ते चोवीस महिन्यांचा रनवे, म्हणजे हातातले पैसे पुरतील तो काळ, धरतात, कारण पुढची फेरी उभारण्यातच सहा महिने सहज जातात.

अगदी सुरुवातीला शेअरचा भाव ठरवण्याऐवजी सेफ नावाचा कागद वापरला जातो. स्टार्टअपना सुरुवातीचे पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरने तो २०१३ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये त्याचं पोस्ट-मनी (सेफचे पैसे धरून मूल्य मोजणारं) रूप आणलं. आज पैसे द्यायचे आणि पुढच्या फेरीत भाव ठरला की त्याचे शेअर व्हायचे, असा तो करार. त्यात कमाल मूल्यांकनाची मर्यादा असते, तिला कॅप म्हणतात. पोस्ट-मनी सेफचं गणित सोपं आहे: रक्कम भागिले कॅप. दहा कोटींच्या कॅपवर एक कोटी घेतलात तर दहा टक्के दिलेत.

सोपं आहे म्हणूनच हात सैल सुटतो. आधी दहाच्या कॅपवर एक कोटी, मग पैशांची नड लागली म्हणून आठच्या कॅपवर आणखी एक, मग जरा बरे दिवस आले तेव्हा पंधराच्या कॅपवर दीड. प्रत्येक वेळी "थोडेच तर दिले" असं वाटतं. बेरीज करा: १०, १२.५ आणि १०, म्हणजे साडेबत्तीस टक्के. नवा गुंतवणूकदार अजून आलेलाही नाही. प्रत्येक सेफवर सही करताना त्याच दिवशी कॅप टेबलमध्ये त्याची ओळ भरा.

चौथी पायरी: मूल्यांकन नेमकं कसं ठरतं

नफा नसलेल्या कंपनीचं मूल्य कोणत्याही सूत्रातून नेमकं निघत नाही. गुंतवणूकदार बहुतेक वेळा शेवटाकडून मागे येतो. समजा त्याला दोन कोटी घालायचे आहेत आणि दहापट परत हवेत, म्हणजे वीस कोटी. त्याला वाटतं की सगळं नीट झालं तर कंपनी दोनशे कोटींना जाईल. म्हणजे शेवटी त्याच्याकडे दहा टक्के हवेत. पुढच्या फेऱ्यांत त्याचा हिस्सा निम्मा होईल असं तो धरतो, म्हणून आज वीस टक्के मागतो. दोन कोटींना वीस टक्के, तर पोस्ट-मनी, म्हणजे पैसे आल्यानंतरचं मूल्य, दहा कोटी आणि प्री-मनी, म्हणजे पैसे येण्याआधीचं, आठ. तुम्हाला मूल्यांकन वाढवून हवं असेल तर "आमची टीम फार चांगली आहे" याचा फारसा उपयोग होत नाही. दोनशेऐवजी चारशे कोटी का शक्य आहेत हे पटवा, किंवा दुसऱ्या गुंतवणूकदाराची ऑफर हातात ठेवा. दुसरा उपाय जास्त लागू पडतो.

उत्पन्न सुरू झालं की वार्षिक आवर्ती उत्पन्नाच्या पटीत बोलणं होतं. ही पट वाढीचा वेग, ढोबळ नफा आणि ग्राहकांची गळती यांवर हलते. गळतीचा आकडा मासिक असला की फसवा वाटतो. महिन्याला ३ टक्के ग्राहक सोडून जात असतील तर वर्षाअखेर जुन्या शंभरांतले साधारण ६९ उरतात. अनुभवी गुंतवणूकदार हे मनातल्या मनात करतो, तेव्हा तुम्हीच आधी करून जा.

आता जी मेख नवख्यांना हमखास चकवते ती. आठ कोटी प्री-मनी आणि दोन कोटी गुंतवणूक. वरचे सेफ इथे धरू नका; दोन संस्थापकांकडे मिळून दहा लाख शेअर. शेअरचा भाव किती? आठ कोटी भागिले दहा लाख, म्हणजे ८०. पण टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, एक ओळ असते: फेरीनंतर दहा टक्के शेअर कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या पूलमध्ये असतील, आणि तो पूल प्री-मनीत धरला जाईल. म्हणजे वीस टक्के गुंतवणूकदाराचे, दहा टक्के पूलचे आणि तुमचे दहा लाख शेअर झाले एकूणच्या सत्तर टक्के. एकूण शेअर सुमारे १४ लाख २८ हजार, गुंतवणूकदाराचे सुमारे २ लाख ८५ हजार, आणि भाव ७०. कागदावर आठ कोटी लिहिलेलं असलं तरी तुमच्या कंपनीला दर मिळाला सात कोटींचा. पूल लागतोच, माझा त्याला विरोध नाही. पुढच्या अठरा महिन्यांत कोणकोणत्या पदांवर माणसं घ्यायची याची यादी करून पूल तेवढाच मागा. यादी दाखवली की दहाचे सात टक्के होताना मी पाहिले आहेत.

मोठं मूल्यांकन म्हणजे मोठं यश असं धरू नका. आत्ता घ्या, नंतर पैसे द्या अशी सोय देणाऱ्या क्लार्ना या कंपनीचं मूल्यांकन २०२१ मध्ये ४५.६ अब्ज डॉलर होतं, २०२२ च्या फेरीत ते ६.७ अब्जांवर आलं. मूल्यांकन जितकं चढं, तितकी पुढच्या फेरीत ओलांडायची पट्टी उंच.

पाचवी पायरी: टर्म शीट शेवटाकडून वाचा

इथे थोडं थांबूया, कारण सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

आपली कंपनी पुढे गेली. तीस कोटी प्री-मनीवर दहा कोटी आले, पोस्ट-मनी चाळीस. नव्या गुंतवणूकदाराकडे २५ टक्के, पहिल्याकडे २० चे १५ झाले, पूल साडेसात, आणि दोन संस्थापकांकडे मिळून साडेबावन्न. कंपनी वीस कोटींना विकली. साडेबावन्न टक्क्यांनी साडेदहा कोटी यायला हवेत.

पण गुंतवणूकदारांकडे प्रेफर्ड शेअर असतात आणि त्यांना लिक्विडेशन प्रेफरन्स असतो. विक्री झाली की आधी त्यांनी घातलेली रक्कम परत घ्यायचा हक्क. सर्वांत सौम्य आणि रूढ प्रकार म्हणजे एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग: एक तर घातलेले पैसे घ्या, नाहीतर शेअर साधे करून टक्केवारीने घ्या, दोन्ही नाही. नवा गुंतवणूकदार विचार करतो, वीसचे पंचवीस टक्के म्हणजे पाच, घातलेले दहा. तो दहा उचलतो. पहिला आपले दोन घेतो. उरले आठ. त्यांत पूलचा एक कोटी धरला तर संस्थापकांना मिळतात सात. साडेदहा नव्हे.

हेच शेअर पार्टिसिपेटिंग असते तर? दोघे आपले बारा कोटी आधी घेतात आणि उरलेल्या आठांतही टक्केवारीने वाटा घेतात. संस्थापकांच्या वाट्याला येतात चार कोटी वीस लाख. आणि नव्या गुंतवणूकदाराने दुप्पट प्रेफरन्स घेतला असता, रांगेत पहिला नंबरही घेतला असता, तर वीसच्या वीस त्याचे. संस्थापकांना शून्य. कंपनी तीच, विक्रीचा भाव तोच, टक्केवारीही तीच. फरक टर्म शीटमधल्या एका ओळीचा.

यातून एक खूण लक्षात ठेवा. एकपट नॉन-पार्टिसिपेटिंग असेल तर शेवटच्या फेरीचं पोस्ट-मनी ही तुमची रेषा. आपल्या उदाहरणात चाळीस कोटी. विक्री त्याच्या वर झाली की नवा गुंतवणूकदार आपले शेअर साधे करतो आणि तुमची टक्केवारी खऱ्या अर्थाने तुमची होते. त्याखाली प्रेफरन्सची रांग बोलते. म्हणून मूल्यांकन चढवून घेताना ही रेषाही चढते. चांगल्या अटींवरचे तीस कोटी मी वाईट अटींवरच्या पन्नास कोटींपेक्षा केव्हाही घेईन.

दुसरी ओळ अँटी-डायल्यूशनची. पुढे भाव पडला तर आधीच्या गुंतवणूकदाराला भरपाईचे शेअर मिळतात. वेटेड ॲव्हरेज, ज्यात जुना भाव काही अंशीच खाली येतो, हा मध्यम आणि रूढ प्रकार, तो मान्य करायला हरकत नाही. फुल रॅचेट मात्र टाळा, त्यात त्यांचा जुना भाव थेट नव्या पडत्या भावावर आणला जातो. मोठ्या कंपन्यांनाही रॅचेट भोवतो. २०१५ मध्ये स्क्वेअर या पेमेंट कंपनीचा आयपीओ ९ डॉलरला आला. त्याच्या आधीच्या फेरीतल्या गुंतवणूकदारांनी १५.४६ डॉलर मोजले होते आणि आयपीओत ठरावीक परताव्याची हमी घेतली होती, त्यामुळे त्यांना जादा शेअर द्यावे लागले. ते बाकीच्यांच्या हिश्शातून गेले.

बाकीच्या अटी पटकन. ड्रॅग-अलाँग म्हणजे ठरलेल्या बहुमताने विक्री मान्य केली की उरलेल्यांनाही विकावं लागतं. त्या बहुमतात साध्या शेअरधारकांचं वेगळं मत मोजलं जाईल असं लिहून घ्या. संचालक मंडळात सुरुवातीच्या फेरीत संस्थापकांचं बहुमत ठेवा. प्रो-राटा हक्क, म्हणजे पुढच्या फेरीत आपला हिस्सा टिकवण्यापुरते पैसे घालायची मुभा, बिनदिक्कत द्या. आणि वकील असा घ्या ज्याने स्टार्टअपच्या टर्म शीट आधी पाहिल्या आहेत. घरच्या ओळखीचा मालमत्तेचा वकील इथे चालत नाही.

सहावी पायरी: बाहेर पडायच्या वाटा

आयपीओची चर्चा सगळ्यात जास्त होते. बहुतेक टेक कंपन्यांच्या वाट्याला तो येत नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. आयपीओ झाला तरी संस्थापकांना आणि कर्मचाऱ्यांना लगेच शेअर विकता येत नाहीत. लॉक-अप असतो, बहुतेकदा १८० दिवसांचा. स्पॉटिफायने २०१८ मध्ये डायरेक्ट लिस्टिंग केलं, म्हणजे नवे शेअर न विकता जुने शेअर थेट बाजारात खुले केले. ज्यांना नव्या पैशांची गरज नाही आणि नाव आधीच घराघरांत आहे, त्यांचीच ही वाट.

खरी नेहमीची वाट म्हणजे दुसऱ्या कंपनीला विक्री. इथे "किती कोटींना" या आकड्याच्या पोटात शिरावं लागतं. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप घ्यायची घोषणा केली तेव्हा सुमारे १९ अब्ज डॉलरच्या त्या सौद्यात रोख होते ४ अब्ज. सुमारे १२ अब्जांचे फेसबुकचे शेअर आणि ३ अब्ज पुढच्या वर्षांत हळूहळू मिळणाऱ्या शेअरच्या रूपात. शेअर घ्यायला हरकत नाही, पण तेव्हा तुम्ही विकतही असता आणि घेणाऱ्या कंपनीत गुंतवणूकही करत असता. तिचे हिशेब तितक्याच बारकाईने तपासा.

लहान विक्रीत अर्न-आउट येतो: अमुक रक्कम आज, उरलेली दोन वर्षांत ठरलेलं उद्दिष्ट गाठलं तर. उद्दिष्ट नफ्यावर ठेवू नका. विक्रीनंतर खर्च कुठे टाकायचा हे घेणारा ठरवतो, नफा त्याच्या हातात असतो. उत्पन्नावर किंवा ग्राहकसंख्येवर ठेवा, आणि मधेच त्यांनी उत्पादन बंद केलं तर पूर्ण रक्कम देय होईल असं कलम मागा. अर्न-आउटचे पैसे हातात पडतील असं धरून कोणताही घरगुती निर्णय घेऊ नका, ते आले तर वरकड समजा.

ॲक्वाहायरमध्ये घेणाऱ्याला तुमची माणसं हवी असतात, उत्पादन नव्हे. त्यात पैशांचा मोठा भाग जॉइनिंग बोनस आणि पगाराच्या रूपात येतो, त्यामुळे गुंतवणूकदारांच्या वाट्याला काय येणार हे आधी उघडपणे बोला. सेकंडरी विक्री म्हणजे कंपनी चालू ठेवून संस्थापकाने आपले थोडे शेअर विकणं. कर्ज डोक्यावर असेल, घरात आजारपण असेल तर मोठ्या फेरीच्या वेळी हे स्पष्ट मागा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. घरची चिंता मिटलेला संस्थापक जास्त धीराने कंपनी चालवतो, हे चांगल्या गुंतवणूकदारांना कळतं.

आणि कंपनी बंद करणं हीसुद्धा एक वाट आहे. तीन महिन्यांचे पगार आणि देणी हातात असताना बंद केली तर सगळ्यांचे पैसे चुकते करून निघता येतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणली तर ज्यांनी विश्वास टाकला त्यांचेच पगार बुडतात.

सातवी पायरी: कोणी विकत घ्यायला आलं तर

पहिला फोन बहुधा "भागीदारीबद्दल बोलूया" असा येतो. बोला, पण भावाचा आकडा तुमच्या तोंडून आधी जाऊ देऊ नका. गंभीर आहेत असं दिसलं की आणखी दोन-तीन संभाव्य खरेदीदारांशी बोलणं सुरू करा, कारण लेटर ऑफ इंटेंटवर (खरेदीचा इरादा मांडणाऱ्या पत्रावर) सही झाली की नो-शॉप कलम लागतं आणि तीस-पंचेचाळीस दिवस दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. त्या सहीनंतर जोर घेणाऱ्याच्या बाजूला जातो. म्हणून भाव, रोख किती, एस्क्रोत किती आणि किती महिने, कोणाला किती काळ नोकरीत राहावं लागेल, हे सहीच्या आधीच लेखी घ्या. एस्क्रो म्हणजे नंतर काही दावे निघाले तर म्हणून अडकवून ठेवलेली रक्कम. भावाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, वर्ष-दीड वर्षासाठी, असं पुष्कळ सौद्यांत दिसतं.

सही झाली म्हणजे सौदा झाला असं नाही. ॲडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणारी फिग्मा सुमारे २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा सोडून द्यावा लागला. करारात तशी तरतूद होती म्हणून फिग्माला १ अब्ज डॉलर मिळाले, आणि २०२५ मध्ये ती स्वतंत्रपणे बाजारात आली. तुमचा सौदा एवढा मोठा नसेल, पण मधल्या काळात विक्रीची टीम मोकळी सोडली, नव्या ग्राहकांकडे दुर्लक्ष केलं, तर सौदा फिसकटल्यावर परत उभं राहणं फार जड जातं. एका संस्थापकाने सौद्याच्या मागे राहावं आणि दुसऱ्याने कंपनी अशी चालवावी की जणू कोणी विचारलेलंच नाही.

कर्मचाऱ्यांचं शेवटी नव्हे, मधेच बघा. ज्यांचे पर्याय (ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचे हक्क) अजून व्हेस्ट झालेले नाहीत त्यांचं काय होणार? घेणाऱ्याने नंतर कामावरून काढलं तर उरलेले पर्याय लगेच पक्के व्हावेत, याला डबल ट्रिगर म्हणतात. हे मागताना फक्त स्वतःसाठी मागू नका. आणि घोषणेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचं स्वतंत्र पत्र तयार ठेवा: तुमचे इतके शेअर, प्रत्येकी इतका भाव, इतकी रक्कम, अमुक तारखेला इतकी आणि एस्क्रो सुटल्यावर इतकी. सभागृहात टाळ्या वाजत असताना प्रत्येक जण मनात तोच आकडा शोधत असतो.